मोटारीला झालर

ज्या गावात एप्रिल महिन्यात नळाखाली हात धरला तर चटका बसतो, त्या गावात पाणी गरम करायचा टब आणून अंगणात मांडणाऱ्या माणसाला काय म्हणावं, हे मी लोकांवर सोडतो. त्यांचं म्हणून झालेलंच आहे. मला एवढंच सांगायचं आहे की टब चैनीसाठी आणला नव्हता. तो लीलाच्या गुडघ्यासाठी आणला होता.

लीला म्हणजे माझी पत्नी. दिवाळीच्या तोंडावर न्हाणीघरात घसरली आणि गुडघ्याची वाटी फुटली. यथावकाश प्लॅस्टर निघालं, पण गुडघा काही वाकेना. व्यायाम करून घेणाऱ्या अपेक्षा मॅडम म्हणाल्या, "काका, काकूंना रोज गरम पाण्यात बसवून पाय हलवायला लावा. हा उन्हाळा घालवलात तर सांधा असाच धरून बसेल." मॅडमनी हे हसतमुखानं सांगितलं. आमच्या घराच्या बाजूनं गच्चीचा जिना आहे. रिक्षातून उतरल्यावर लीला त्या जिन्याकडे बघत म्हणाली, "यंदा कुरडया राहिल्याच म्हणायच्या."

हे वाक्य मला लागलं. लग्न झाल्यापासून एका उन्हाळ्यात या बाईनं गच्चीवर कुरडया घातल्या नाहीत असं झालेलं नाही. नुसत्या आमच्याच नव्हेत, अर्ध्या गल्लीच्या कुरडया तिच्या नजरेखाली वाळतात. शिवाय लीला तक्रार करणारी बाई नाही. आमच्या घरात तक्रारीचं खातं माझ्याकडे आहे.

म्हणून अनीशनं, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, बेंगळुरूहून टब पाठवला. जनावरांना पाणी पाजायच्या हौदात कुणी हवा भरावी तसं त्याचं रूप होतं. शेजारी एक गुबगुबीत मोटार. ती टबातलं पाणी ओढणार, तापवणार, गाळणार आणि परत सोडणार. मोटारीवर छोटा पडदा, त्यावर पाण्याचं तापमान. टबाच्या आत एक स्टूल, बाहेर एक स्टूल आणि लीलाला धरायला शेजारच्या बसव्वा, अशी व्यवस्था बसली. पहिले काही दिवस सगळं सुरळीत चाललं. गुडघा थोडाथोडा ऐकायला लागला. एके संध्याकाळी लीला पाण्यात बसून चक्क गुणगुणत होती आणि मी तुळशीपाशी उभा राहून टबाच्या शोधकर्त्याला मनातल्या मनात आशीर्वाद देत होतो.

आता आमच्या घरातल्या एका शिस्तीबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्याकडे कुठलीही वस्तू उघडी राहत नाही. टीव्हीला कव्हर आहे. फ्रिजला आहे, त्याच्या मुठीला वेगळं आहे. मिक्सर पोत्यात शिरल्यासारखा दिसतो. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो आणि त्या पिशवीला रबर असतं. मी जिल्हा परिषदेत सारी नोकरी केली, पण टाइपरायटर झाकल्याशिवाय एकदाही घरी आलो नाही. पुढं कॉम्प्युटर आले, त्यांनाही मी उघडं ठेवलं नाही. अशा माणसाच्या अंगणात ती मोटार धुळीत उघडी बसली होती आणि मला जेवण गोड लागत नव्हतं.

बसव्वांचे यजमान निंगप्पा चादरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मूळचे मैंदर्गीचे. त्यांना माझं दुःख कळलं. घरातून एक कोरी करकरीत चादर घेऊन आले, लाल रंगाची, काठाला मोर.

"सायेब, ही घ्या," ते म्हणाले. "सोलापूरची चादर हाय. धूळ काय, वारं आत जाईल तर मला इचारा."

मी ती टेलरकडे नेली. मापं घेऊन कव्हर शिवलं, खालून इलॅस्टिक, पडदा दिसावा म्हणून पुढं प्लॅस्टिकची खिडकी आणि कडेनं झालर. झालर टेलरनं आपल्या मनानं लावली, पण तिनं मोटारीला शोभा आली हे मान्य करायला हवं. कव्हर घातल्यावर निंगप्पांनी आणि मी लांब जाऊन, मान तिरकी करून तिला पाहिलं. नवरदेवासारखी दिसत होती.

दुसऱ्याच दिवशी त्या खिडकीत आकड्यांच्या जागी दोन इंग्रजी अक्षरं उमटली. ओ आणि एच. मोटार गप्प झाली.

मी अनीशला फोन लावला.

"बाबा, ते ओव्हरहीट आहे. मशीन जास्त तापलंय."

"सोलापुरात सध्या कोण तापलेलं नाही?"

"तसं नाही. ते मोकळ्या हवेत ठेवलंय ना?"

"अंगणात आहे. याहून मोकळी हवा पाहिजे तर रंगभवनच्या चौकात नेऊन ठेवावं लागेल."

अनीशनं फोनवर सुस्कारा सोडला. माझ्याशी बोलताना तो अधूनमधून सोडतो.

बातमी गल्लीत पसरली आणि सल्लागार जमू लागले. आमच्या गल्लीत कुणी आजारी पडलं तर दोन माणसं येतात, मशीन बिघडलं तर सगळे येतात. निंगप्पांचं मत पडलं की दोष उन्हाचा आहे. त्यांनी गावाकडच्या डाळिंबाच्या बागेतली हिरवी जाळी आणून टबावर मांडव घातला. अंगणाला रोपवाटिकेची कळा आली. एक बाई मोगऱ्याची रोपं आहेत का विचारून गेल्या. ओ-एच जागचं हललं नाही.

मग समोरचे जोतीराम आले. टेंभुर्णीचा माणूस, घरचे ट्रक आहेत. इंजिन या विषयावर ते बोलायला लागले की मध्ये बोलायची कुणाची छाती होत नाही.

"काका, इंजिन तापल्यावर आमी काय करतो? पाणी वततो. हितं पाणीच तापलंय. मग त्याच्यात काय वतायचं?"

"काय?"

"बर्फ की."

गरम पाण्याच्या टबात बर्फ घालणं हे मला शास्त्राला धरून वाटेना, पण जोतीराम बोलताबोलता रिक्षातून लादी घेऊनही आले. लादी भुशात गुंडाळलेली होती. भुशासकट पाण्यात गेली. बर्फ विरघळला, भुसा राहिला, आणि राहिलेला भुसा मोटारीच्या गाळणीत जाऊन बसला. टब रिकामा करणं भाग पडलं.

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा गल्ली सणासारखी जागी होते. अशा ठिकाणी हौदभर पाणी गटारात सोडणाऱ्या माणसाला माफी नसते. टबाचं बूच काढायच्या आधी बसव्वांनी फर्मान काढलं, "भाऊ, थेंब वाया घालवायचा न्हाय." मग अख्खी गल्ली बादल्या, घागरी आणि डबे घेऊन आमच्या दारात रांगेत उभी राहिली. कुणी झाडांना नेलं, कुणी अंगण धुतलं. पाण्यात भुसा कसला, हे प्रत्येकानं विचारलं आणि प्रत्येकाला जोतीरामांनीच, जणू चूक माझी होती अशा सुरात, समजावून सांगितलं.

टब परत भरायला टँकर हवा होता. टँकरच्या ऑफिसात खिडकीमागच्या गृहस्थानं विचारलं, "कारण?"

"गुडघा," मी म्हणालो.

त्यानं वर बघितलं. "साहेब, हितं लग्न हाय, बांधकाम हाय, धार्मिक हाय. गुडघा कशातच बसत न्हाय."

"तो कशातच बसत नाही, तीच तर तक्रार आहे."

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "धार्मिक टाकतो. कोण इचारत न्हाय."

ज्या माणसानं नोकरीत कधी खोटी नोंद केली नाही, त्यानं धार्मिक कार्यावर सही केली. टँकर आला तेव्हा ड्रायव्हरनं हात जोडून विचारलं, "सत्यनारायण हाय व्हय?" त्याचं हे बोलणं तीन घरांनी ऐकलं. संध्याकाळी माणसं प्रसादाला आली. लीलानं एका पायावर भार देऊन, ओट्याला टेकून, सगळ्यांना पुरेल एवढा शिरा केला. पूजा कुठं मांडली आहे असं कुणीसं विचारल्यावर निंगप्पांनी गंभीरपणे मोटारीकडे बोट दाखवलं. तिला झालर होतीच. एक म्हातारे गृहस्थ नमस्कारही करून गेले.

पण या सगळ्याहून मला कोड्यात टाकलं ते मोटारीच्या वागण्यानं. इलेक्ट्रिशियन सोमेश आला. कव्हर काढलं, खुर्चीवर नीट घडी घालून ठेवलं. त्यानं पाना-पक्कड काढून मोटार उघडली, बंद केली, बटण दाबलं. मोटार गुणगुणत सुरू झाली. त्यानं चहा घेतला, मोटार चालू. त्यानं लग्न ठरत नसल्याचं दुःख सांगितलं, तरी मोटार चालू. तो गेला, मी कव्हर घातलं, आणि आत जाऊन पेपर वाचून परत येतो तो ओ-एच. सोमेशला परत बोलावलं. पुन्हा तेच. कंपनीनं नेमलेला गावातला माणूस आला, त्याच्यापुढेही तेच. प्रत्येक वेळी मी कव्हर आदरानं काढलं आणि आदरानं घातलं.

हा प्रकार मला अनोळखी नव्हता. साहेबांची गाडी दारात आली की फायली उपसायला लागणारे आणि गाडी वळली की टेबलावर डोकं टेकणारे कारकून मी आयुष्यभर सांभाळले आहेत. मशीन कामचुकार आहे आणि त्याला वरिष्ठांचा धाक हवा, असं माझं ठाम मत झालं. मी कंपनीला फोन केला. अंकिता नावाच्या मुलीनं घेतला.

"सर, आपल्या परिसराचं तापमान किती आहे?"

"बेचाळीस."

"सर, पाण्याचं नाही, परिसराचं."

"परिसराचंच. पाणी त्याच्याहून बरं आहे."

तिनं काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, "मशीनची नीट काळजी घेता ना, सर?"

"पोटच्या पोरासारखी," मी म्हणालो, आणि त्यात रतीभरही खोटं नव्हतं.

शेवटी पुण्याहून इंजिनीअर पाठवायचं ठरलं. पण तो कधी येणार, हे कुणी सांगेना. मग माझे रोजचे हेलपाटे सुरू झाले. सकाळी आंघोळ करून कंपनीच्या गावातल्या माणसाकडे, तिथून विजेचा दाब तपासून घ्यायला विजेच्या ऑफिसात, तिथून सायबर कॅफेत तक्रार पाठवायला. मशीनचं हे सगळं लीला ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आज जाणार ना? टोपी घाला. सावकाश या." तिचा हा पाठिंबा बघून मला भरून यायचं. घरी यावं तर दोरीवर एक टॉवेल ओला असायचा. उन्हाळ्यात माणूस दोनदा आंघोळ करतो, त्यात काही विशेष नाही.

खरं सांगायचं तर मी आतून घाबरलो होतो. मे लागला होता. अपेक्षा मॅडमनी दिलेला उन्हाळा माझ्या हातून चालला होता. बसव्वांच्या घरातून भिजवलेल्या गव्हाचा आंबूस वास यायला लागला, म्हणजे त्यांच्या कुरडयांची तयारी सुरू झाली होती. तो वास आला की मी लीलाच्या तोंडाकडे बघायचं टाळायचो. एका रात्री जेवताना मी म्हणालो, "टब परत पाठवून देतो. माझ्याच्यानं काही होईना." लीलानं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "घाई कशाला करता? इंजिनीअर येऊन तर जाऊ दे."

आणि इंजिनीअर निघाला. अजिंक्य असं त्याचं नाव. सकाळीच फोन आला की पुण्याहून निघालोय, दुपारपर्यंत पोहोचतो. पुण्याहून माणूस येणार, तर त्याला कडक भाकरी आणि शेंगांची चटणी दिली पाहिजे, म्हणून मी पिशवी घेऊन बाहेर पडलो. जाताना मोटारीकडे बघितलं. खिडकीत ओ-एच होतं. मी तिला मनातल्या मनात म्हणालो, आज तुझे साहेब येतायत.

चटणी घेऊन परत आलो आणि फाटकातच थांबलो. मोटार चालू होती. शांतपणे, एखादी गृहिणी दळण निवडत बसावी तशी एका लयीत गुणगुणत होती. पडद्यावर आकडा होता. साहेब अजून आले नव्हते, तरी ही काम करत होती. आणि तिच्या अंगावर कव्हर नव्हतं.

"लीला," मी हाक मारली, "कव्हर चोरीला गेलं."

"चोरीला नाही गेलं," आवाज आला. "वर आहे."

"वर म्हणजे कुठं?"

"वर म्हणजे वर."

आवाज घरातून आलेला नव्हता. मी पिशवी तुळशीपाशी टाकली आणि जिना चढलो. माझ्या वयाला शोभणार नाही इतक्या घाईनं चढलो.

गच्चीवर हिरव्या जाळीचा एक तुकडा बांधला होता. त्याखाली प्लॅस्टिकवर पांढऱ्याशुभ्र कुरडयांची रांग लागली होती. रांगेच्या टोकाला लीला बसली होती. खुर्चीवर नव्हे, स्टुलावर नव्हे, खाली. एक पाय पुढं, आणि दुखरा पाय गुडघ्यात वाकवून जवळ घेतलेला. हातात सोऱ्या होता आणि तो दाबताना तिच्या कपाळावर घाम होता. बसव्वा पातेल्यातला गव्हाचा गरम चीक तिच्या सोऱ्यात घालत होत्या. लीलाच्या खाली, घडी घालून, मोटारीचं कव्हर होतं. बाजूनं झालर दिसत होती.



"गच्ची तापलीय," लीला म्हणाली. "खाली घ्यायला जाड काही सापडेना. तुमचा इंजिनीअर येईपर्यंत परत घालणार होते."

"तू चढलीस कशी?"

"कशी म्हणजे? पायांनी."

बसव्वा हसायला लागल्या. "भाऊ, तुमी गेलात की आमी दोगी पाण्यात बसत होतो. रोजच्या रोज."

"पण मशीन बंद होतं."

"मशीन बंद होतं, ऊन कुठं बंद होतं?" लीला म्हणाली. "टबावरचं झाकण काढून हात घालून बघितला, पाणी छान कढत. म्हटलं, मशीनचं काय झालंय ते तुम्ही बघा, माझ्या गुडघ्याला पाण्याशी मतलब."

"मग मला सांगायचं नाही का? मी इकडं उन्हातान्हात..."

तिनं सोऱ्या खाली ठेवला. "आधी दोन-तीनदा सांगणार होते. पण तुम्ही इतके मनापासून हिंडत होतात. आणि दुसरं म्हणजे," तिनं हाताला लागलेला चीक पुसला, "सांगितलं असतं आणि जिना जमला नसता, तर तुमचं तोंड बघवलं नसतं मला. म्हटलं, चढून दाखवू आणि मगच सांगू."

म्हणजे मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो आणि ती माझ्याकडे. इतकी वर्षं एका घरात राहून माणसं शेवटी हेच शिकतात की काय कोण जाणे. बसव्वांच्या घरात भिजत होते ते गहूही आमचेच होते. मी उपरण्यानं तोंड पुसलं. घाम होता असं मी म्हणालो.

"आणि मोटार?" मी विचारलं. "ती कुणी दुरुस्त केली?"

"कुणी न्हाय," बसव्वा म्हणाल्या. "मी चादर ओढून काढली, त्यात हात बटनाला लागला. लगीच घूं करून चालू झाली. अय्यो, मी केवढ्यानं भ्याले. तवापासून चालूच हाय."

मी कठड्याशी गेलो आणि खाली बघितलं. मोटार उघडी होती आणि चालू होती. तिच्या दोन्ही अंगांना हवा जायच्या बारीक फटी होत्या, त्या मला वरूनसुद्धा दिसल्या. सोमेश आला तेव्हा कव्हर खुर्चीवर होतं. कंपनीचा माणूस आला तेव्हा खुर्चीवर होतं. ते गेल्यावर आदरानं परत घालणारा माणूस एकच होता. धूळ काय, वारं आत जाईल तर मला विचारा, असं निंगप्पा म्हणाले होते. त्यांचा शब्द खोटा ठरला नाही. मोटार कामचुकार नव्हती. तिला मे महिन्यात सोलापुरी चादर पांघरून काम करायला लावलं होतं, आणि ती बिचारी दोनच अक्षरांत, जमेल तशी, तक्रार करत होती. मी तिच्याविषयी मनात जे जे बोललो होतो ते सगळं मागं घेतलं. काही जुन्या कारकुनांच्या बाबतीतही फेरविचार करावा असं वाटून गेलं.

लीला माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं, हे तिच्या ओठांवरून दिसत होतं. पण ती हसली नाही. बायको आपल्याला हसत नाही तेव्हा तिनं ते पुढच्या पाहुण्यासाठी राखून ठेवलेलं असतं, हे मला माहीत आहे.

तेवढ्यात फोन वाजला. "काका, अजिंक्य बोलतोय. टेंभुर्णीत पोहोचलोय. प्रॉब्लेम काय आहे ते जरा सविस्तर सांगता का?"

 मी लीलाकडे बघितलं.

"प्रॉब्लेम मिटला," मी म्हणालो.

"कसा काय?"

"घरच्यांनी काढला."

 "मग मी परत जाऊ का, काका?"

"परत कशाला जाता? भाकरी आणलीय, चटणी आणलीय. आणि तुम्ही कधी गरम चीक खाल्लाय का, दूध घालून? नाही ना? मग या."

फोन ठेवला तसं लीलानं अंगाखालचं कव्हर चाचपलं. "इंजिनीअरला दाखवायला हे परत घालू का मोटारीला?"

"नको," मी म्हणालो. "राहू दे. तूच बस त्याच्यावर."

बसव्वा आणखी चीक आणायला खाली गेल्या. लीलानं शेवटची कुरडई घातली, सोऱ्या बाजूला ठेवला आणि माझ्याकडे हात केला.

"चढताना बसव्वाला धरलं होतं," ती म्हणाली. "उतरताना तुम्ही द्या हात."

मी हात दिला. ती उठली, थोडी थांबली आणि जिन्याकडे चालायला लागली. मी एका हातानं तिला धरलं होतं आणि दुसऱ्या हातात ते झालरीचं कव्हर होतं. पहिल्या पायरीवर तिचा गुडघा वाकला. पूर्ण नाही, पण वाकला. खाली मोटार चालू होती आणि आम्ही दोघं तिच्या आवाजात सावकाश उतरत होतो.